देणेकरी

शॅल आता फारसा घराबाहेर पडत नाही. लंडनच्या बसमध्ये, न्यूयॉर्कच्या दुकानात, हिंजवडीच्या कचेऱ्यांत दिवसभर इंग्रजी बोललं जातं आणि उद्या-परवाची सगळी कामं एकटा विल उरकतो. विल चपळ आहे, कोणाच्याही वाक्यात पटकन मावतो. वेळ नसेल तर स्वतःला आखडून नुसता 'ल' होऊन कर्त्याच्या शेपटाला चिकटतो. शॅलला असलं आखडणं फारसं रुचत नाही. यायचं तर पूर्ण उंचीनं यायचं, नाहीतर यायचंच नाही, असा त्याचा स्वभाव.

त्याला भेटायचं तर कागदपत्रांकडे जावं लागतं. मुंबई-पुण्यात भाड्यानं राहिलेल्या प्रत्येकानं अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सच्या करारावर सही करताना त्याला पाहिलेलं असतं. लायसन्सी शॅल पे, लायसन्सी शॅल नॉट सबलेट. निविदेच्या अटींत, विम्याच्या पॉलिसीच्या मागच्या बारीक अक्षरांत, सोसायटीच्या उपविधींत तो ओळीओळीला उभा असतो. आपण पान उलटतो, सही करतो. त्याच्याकडे कोणी निरखून बघत नाही. मला मात्र हा गृहस्थ फार मोलाचा वाटतो, आणि विलशी त्याची जी गल्लत केली जाते ती त्याच्यावर अन्याय करणारी वाटते. दोघांचं काम एकच, भविष्यकाळ दाखवणं, असं शाळेत शिकवलं जातं. काम पुष्कळदा एक असेलही. घराणी वेगळी आहेत.

शॅलचा जन्म कर्जातला. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता 'देणं लागतो'. पैसे देणं लागतो, शब्द देणं लागतो, निष्ठा देणं लागतो. चौदाव्या शतकात कवी चॉसरच्या लेखणीतून तो या अर्थानं उतरला आहे, देवाप्रती असलेल्या निष्ठेच्या ऋणाबद्दल बोलताना. त्याचा जर्मन भाऊबंद 'झोलेन' आजही कर्तव्य सांगतो, आणि त्याच कुळातला 'शुल्ड' हा जर्मन शब्द कर्ज आणि अपराध या दोन्हींसाठी चालतो. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपण 'मी त्याचे हजार रुपये देणं लागतो' म्हणतो आणि 'मला जावं लागेल' असंही म्हणतो. दोन्हीकडे 'लागणं' तेच. ज्याच्याकडे देणं आहे त्याला करावं लागतं, ही वाट आपल्या भाषेनंही आपल्या पायांनी तुडवलेली आहे.

विल जन्मला इच्छेतून. जर्मन माणूस 'इश विल' म्हणतो तेव्हा अजूनही 'मला हवंय' एवढंच म्हणत असतो. इंग्लंडच्या चर्चमध्ये लग्न लावताना पाद्री वराला आणि वधूला विचारतो आणि दोघं आळीपाळीनं 'आय विल' म्हणतात. तिथं उद्याच्या घटनेचं भाकीत नसतं, या क्षणीची राजीखुशी असते. मराठीत तर विल नाम होऊन आला आणि घराघरांत रुळला. 'आजोबांनी विल केलंय का?' हे विचारणाऱ्याला इंग्रजी येत असेलच असं नाही, पण मृत्यूनंतरही शिल्लक राहणारी माणसाची इच्छा म्हणजे विल, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. शॅलचं असं नाम कधी झालं नाही. इच्छेची वाटणी करता येते, कागद करता येतो. देणं मात्र देणेकऱ्याच्या अंगाला चिकटूनच राहतं.

मग दोघं भविष्यकाळाच्या कामाला कसे लागले? जो देणं लागतो तो पुढं कधीतरी देईल, आणि ज्याला हवं आहे तो पुढं कधीतरी करील. बोलता बोलता ऋणही विरळ होत गेलं, इच्छाही विरळ होत गेली आणि मागे 'पुढं कधीतरी' एवढंच उरलं. विरळ झालं, पण नाहीसं झालं नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विक्लिफच्या अनुयायांनी लॅटिन बायबल इंग्रजीत आणलं तेव्हा भविष्यकाळासाठी त्यांनी शॅलला बसवलं आणि इच्छेसाठी विलला ठेवलं. पुढे १६११च्या बायबलात देवाच्या दहा आज्ञा याच शॅलच्या तोंडून आल्या. इंग्रजी बोलणाऱ्या समाजांच्या कानात शॅलचा आवाज बसला तो तिथून.

१६५३ साली ऑक्सफर्डमधल्या एका गणितज्ञानं या दोघांमध्ये वाटणीपत्र केलं. अनंताचं चिन्ह गणितात आणणारा जॉन वॉलिस तो हाच. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या परदेशी लोकांसाठी त्यानं लॅटिनमध्ये व्याकरण लिहिलं आणि त्यात सांगितलं, की 'मी' आणि 'आम्ही' यांच्याबरोबर शॅल आला तर नुसतं भाकीत, विल आला तर वचन किंवा धमकी. 'तू', 'तो', 'ते' यांच्याबरोबर नेमकं उलट. वरवर चमत्कारिक वाटणाऱ्या या नियमाला आतून एक सभ्यपणा आहे. माझ्या इच्छेबद्दल मी बोलू शकतो, म्हणून माझ्यापुढचा विल जोरकस. दुसऱ्याच्या इच्छेबद्दल मी काय सांगणार? त्याच्यापुढे शॅल ठेवला, तर मी त्याला बांधतो आहे हे उघडपणे कबूल करतो.

पण नियम इंग्लंडच्या दक्षिणेतल्या एका थरापुरता होता. स्कॉटलंडमध्ये, आयर्लंडमध्ये आणि पुढे अमेरिकेत माणसं 'आय विल' म्हणत राहिली. इंग्रजीच्या वापरावर लिहिणाऱ्या फाउलर बंधूंनी १९०६च्या आपल्या पुस्तकात पानंच्या पानं या वाटणीला दिली आणि ज्यांच्या तोंडी ती जन्मापासून नाही त्यांना ती साधणं कठीणच, असा कौल दिला. त्याहून जुनी एक गोष्ट इंग्रज व्याकरणकार चवीनं सांगत आले. पाण्यात बुडणारा एक परका माणूस, कधी स्कॉटिश, कधी आयरिश, कधी फ्रेंच, ओरडतो: 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!' नियमानं याचा अर्थ होतो, मी बुडणारच, मला वाचवण्याची कोणाला परवानगी नाही. काठावरचे सज्जन त्याच्या इच्छेला मान देऊन निघून जातात. ही गोष्ट मला क्रूर वाटत आली आहे. जीव जाताना माणूस काय मागतोय हे कळायला व्याकरण लागत नाही. शॅलला चार घरांच्या कुलीनपणाची खूण करून टाकलं, तिथंच त्याचं बोलण्यातलं आयुष्य आटू लागलं.

महाराष्ट्रात तो आला तो या खुणेसकट. पाचवीला इंग्रजी सुरू होण्याच्या काळात वाढलेल्या पिढ्यांनी 'आय शॅल, वुई शॅल' आणि बाकी सगळ्यांना 'विल' असं कोष्टक घोकलं. रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण ज्यांच्या कपाटात होतं त्यांनी ते आणखी बारकाईनं घोकलं. यातले पी. सी. रेन हे इथल्या शिक्षणखात्यात नोकरी केलेले आणि पुढे १९२४ साली 'बो जेस्ट' ही साहसकादंबरी लिहून नाव कमावलेले गृहस्थ. आपली मुलं हे कोष्टक पाठ करत होती तेव्हा खुद्द इंग्लंडात 'आय'पुढचा तो आखडलेला 'ल' विलचा आहे की शॅलचा, याची विचारपूस थांबलेली होती.

एका ठिकाणी मात्र शॅल आजही बोलण्यात हयात आहे, आणि त्याचा खरा स्वभाव कळायला तीच जागा सर्वांत चांगली. प्रश्नात. 'शॅल आय ओपन द विंडो?' 'शॅल वुई गो?' इथं विलला बसवून पाहा. 'विल आय ओपन द विंडो?' म्हणजे मी खिडकी उघडीन असं तुम्हाला वाटतं का. माणूस स्वतःचंच भविष्य परक्याला विचारतोय असं होतं. मराठीत हा भेद आपण रोज, विचार न करता पाळतो. पाहुणा आला की घरातली बाई 'चहा टाकीन का?' म्हणत नाही, 'चहा टाकू का?' म्हणते. 'टाकीन' माझं, 'टाकू का' तुमच्या हाती दिलेलं. 'हो' म्हणालात की चहा टाकणं तिच्याकडे लागलं. कृती माझी आणि तिचा हुकूम दुसऱ्याकडे, ही शॅलची मूळची बैठक. इंग्रजी शिकवणाऱ्यांनी मराठी मुलांना कोष्टकाऐवजी 'टाकू का', 'निघूया का', 'दार लावू का' यांवरून शॅल दाखवावा. मुलं तो एका तासात आपलासा करतील.

वचनाच्या प्रसंगी माणसं त्याला बोलावून आणतात. मार्च १९४२मध्ये फिलिपाइन्समधून माघार घेऊन ऑस्ट्रेलियात पोचलेला जनरल मॅकआर्थर 'आय शॅल रिटर्न' म्हणाला. वॉलिसच्या वाटणीप्रमाणे हे कोरडं भाकीत ठरतं. वचन द्यायचं तर 'आय विल' हवं. पण फिलिपिनो लोकांनी ते देणं म्हणून ऐकलं, आणि ऑक्टोबर १९४४मध्ये लेटे बेटाच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यातून चालत येऊन त्यानं ते फेडलं. अमेरिकेतल्या चार्ल्स्टनच्या सिगार कारखान्यात १९४५-४६च्या संपात कृष्णवर्णीय कामगार बायांनी एक जुनं भजन गायलं, त्यात विल होता. टेनेसीतल्या हायलँडर लोकशाळेतून ते गायक पीट सीगरपर्यंत पोचलं आणि विलच्या जागी शॅल आला. सीगर पुढे सांगत, की शॅल म्हणताना तोंड अधिक उघडतं. हेच 'वुई शॅल ओव्हरकम' हिंदीत गिरिजाकुमार माथुरांच्या शब्दांतून आपल्या शाळाशाळांत पोचलं. गाणाऱ्याच्या दृष्टीनं सीगरचं कारण अगदी खरं आहे. मला आणखी एक दिसतं. 'विल'मध्ये आमची जिद्द आहे. 'शॅल'मध्ये इतिहास आमचं देणं लागतो आणि ते वसूल होणार आहे.

कायद्याच्या जगात मात्र गेली चाळीस वर्षं त्याला घालवून देण्याची चळवळ चालू आहे. सोप्या भाषेचा आग्रह धरणारे म्हणतात, की शॅल गुळमुळीत झाला आहे. कधी कर्तव्य, कधी नुसता भविष्यकाळ, कधी अट. त्याच्या जागी 'मस्ट' घ्या. दक्षिण आफ्रिकेनं १९९६च्या राज्यघटनेत राज्यसंस्थेची कर्तव्यं 'मस्ट'नं लिहिली. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांचे दिवाणी नियम २००७ साली नव्यानं लिहिले गेले तेव्हा शॅलला बाहेर काढण्यात आलं. तक्रारीत तथ्य आहे. 'लायसन्सी शॅल पे' म्हटलं तर देणेकरी समोर उभा असतो. 'नोटीस शॅल बी गिव्हन' म्हटलं की नोटीस कोणी द्यायची? देणं आहे, देणेकरी बेपत्ता. मसुदा लिहिणाऱ्यांनी असा शॅल शेकडो वर्षं वापरला आणि दोष शॅलच्या माथी आला.

भारताच्या संविधानात तो पहिल्या कलमापासून आहे. भारत हा राज्यांचा संघ 'शॅल बी'. 'इज' लिहिता आलं असतं. ४ नोव्हेंबर १९४८ला मसुदा मांडताना बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं होतं, की हा संघ राज्यांच्या आपसातल्या करारातून झालेला नाही आणि त्यातून फुटून निघण्याचा हक्क कोणत्याही राज्याला नाही. हे लक्षात ठेवून वाचलं की त्या 'शॅल बी'चा भार कळतो. मराठी अनुवादात तिथं 'असेल' आहे. आपलं 'असेल' मात्र अंदाजाचंही असतं. 'तो घरी असेल' म्हणजे असेल किंवा नसेल. चौदाव्या कलमात मराठीला तोलाचा शब्द सापडला: कायद्यापुढची समानता राज्य कोणालाही 'नाकारणार नाही'. तिथं अंदाजाला जागाच नाही.

सतराव्या कलमापाशी मी नेहमी थांबतो. त्याच्या पहिल्या वाक्यात शॅल नाही, 'इज' आहे. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे. झालं, संपलं, वर्तमानकाळ. दुसऱ्या वाक्यात शॅल येतो: तिच्यातून उद्भवणारी कोणतीही निःसमर्थता लादणं हा कायद्यानुसार शिक्षापात्र अपराध 'शॅल बी'. एका वाक्यात निकाल, दुसऱ्यात वसुली. १९५५चा अस्पृश्यता अपराध कायदा त्या दुसऱ्या वाक्यानं संसदेकडून करवून घेतला.

हवा तिथं शॅल नसला की काय होतं, तेही या संविधानानं पाहिलं. राष्ट्रपतींना साहाय्य आणि सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असेल, एवढंच मूळच्या चौऱ्याहत्तराव्या कलमात होतं. सल्ला मानलाच पाहिजे असं कुठे लिहिलं नव्हतं. बाबासाहेबांनी सभागृहात राष्ट्रपती सल्ल्याला सामान्यतः बांधील राहतील असं म्हटलं होतं, पण भाषण म्हणजे कलम नाही. १९६० साली खुद्द राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी भारतीय विधी संस्थेच्या समारंभात आपल्या अधिकारांचा अभ्यास व्हावा असं जाहीरपणे सुचवलं. सर्वोच्च न्यायालयानं १९७४मध्ये बांधिलकी स्पष्ट केली आणि १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं कलमात शॅल घातला: राष्ट्रपती सल्ल्यानुसार वागतील. आणीबाणीतली दुरुस्ती, तिच्यातलं बरंच काही पुढे पुसलं गेलं. हा शॅल राहिला. १९७८च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली आणि फेरविचारानंतर पुन्हा शॅल ठेवला.

न्यायालयात त्याची कसोटी वेगळीच लागते. १९५७ साली एका सरकारी कर्मचाऱ्याच्या खटल्यात प्रश्न आला: शिस्तभंगाच्या प्रकरणात लोकसेवा आयोगाचा सल्ला घेतला जाईल असं कलम ३२० सांगतं, तो घेतलाच नाही तर कारवाई रद्द होते का? तिथं शॅल होता, तरी सर्वोच्च न्यायालय नाही म्हणालं. तो अनिवार्य नाही, निर्देशात्मक आहे. दिवाणी दाव्यात प्रतिवादीनं जास्तीत जास्त नव्वद दिवसांत लेखी कैफियत द्यायची, असं संहितेत शॅलसह लिहिलं असूनही २००५मध्ये न्यायालयानं अपवादाला दार उघडं ठेवलं. पण २०१५च्या कायद्यानं व्यापारी दाव्यांसाठी एकशे वीस दिवस ठरवले आणि पुढे लिहिलं, की मुदत टळली तर हक्क जाईल आणि न्यायालय कैफियत दप्तरी घेणार नाही. २०१९मध्ये तोच शॅल लोखंडी ठरला. देणं बुडवलं तर काय, हे लिहिलेलं असलं की न्यायाधीश त्याला ढिला करत नाहीत. वकील मंडळी हे जाणतात. करारावर सही करणाऱ्यांनीही शॅल दिसला की पुढची दोन वाक्यं त्यासाठी वाचावीत.

त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं देणं महाराष्ट्राशी जोडलेलं आहे. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे इंग्रजीत निवेदन दिलं आणि बहुजनांचं प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं व्हावं अशी मागणी केली. तिथं त्यांनी 'शूड' वापरला. शूड हा शॅलचाच जुना भूतकाळ, 'देणं लागत होतो' असा. भूतकाळ हळूहळू गळाला आणि 'व्हायला हवं' उरलं. जोतीरावांच्या वाक्यात मला दोन्ही ऐकू येतं: व्हायला हवं, आणि केव्हाचं देणं आहे. १९११मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडलं; पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. १९१७मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. ते संस्थानापुरतं.

संविधानाच्या मसुद्यात प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे असे शब्द होते. नोव्हेंबर १९४८मध्ये ते वगळले गेले. पंचेचाळिसाव्या कलमात उरलं ते असं: राज्य दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न करील. शॅल आहे, पण त्याच्यापुढे 'एन्डेव्हर' उभा केलेला. म्हणजे राज्य शिक्षण देणं लागत नव्हतं. प्रयत्न देणं लागत होतं. शिवाय मार्गदर्शक तत्त्वांचा हा भाग न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाही, असं सदतिसावं कलम सांगतंच. दहा वर्षं १९६०मध्ये संपली. १९९३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क मानला. २००२मध्ये शहाऐंशीव्या दुरुस्तीनं कलम २१क आणलं, आणि त्यात 'शॅल प्रोव्हाइड' असं लिहिलं. एन्डेव्हर काढून टाकला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचं शिक्षण हे राज्याचं सरळ देणं झालं. त्यासाठीचा कायदा १ एप्रिल २०१०ला लागू झाला, जोतीरावांच्या निवेदनानंतर एकशे अठ्ठावीस वर्षांनी.

काढलेला एन्डेव्हर मात्र संविधानाबाहेर गेला नाही. त्याच दुरुस्तीनं पंचेचाळिसावं कलम बदललं आणि सहा वर्षांखालच्या मुलांचं संगोपन आणि शिक्षण त्याच्या हवाली केलं. आणि २०१०ला लागू झालेल्या त्या कायद्याच्या अकराव्या कलमात, तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था शासन करील की नाही हे ठरवणारं क्रियापद अजून 'मे' आहे.